व्हीआर हेडसेट आणि अफेझिया: किराणा दुकान थेरपीच्या खोलीत आणायचं तर

प्रश्न मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी स्पीच थेरपी करणाऱ्या सहकाऱ्याचा आहे. केंद्राला देणगीतून एक व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर चढवून आभासी दृश्यात नेणारं यंत्र) मिळतो आहे. लकव्यानंतर वाचा गेलेले पेशंट आणि उशिरा बोलणारी मुलं या दोघांच्या तपासणीत आणि उपचारात तो वापरता येईल का, कसा वापरायचा, आणि आपल्या भागातल्या बोलण्याला जुळणारं साहित्य कुठून आणायचं?

लहान मुलांसाठी हेडसेट नको. अफेझियाच्या, म्हणजे लकव्यानं किंवा मेंदूच्या इजेनं भाषा बिघडलेल्या, निवडक पेशंटसाठी जरूर वापरा. तिसरा एक गट तुमच्या प्रश्नात नाही. मोटारसायकलच्या अपघातात डोक्याला मार लागलेले, ज्यांचं बोलणं वरवर शाबूत वाटतं पण गर्दीत, गोंगाटात भरकटतं. या यंत्राचा सगळ्यात चोख उपयोग त्यांनाच होतो. त्यांच्याबद्दल पुढे लिहितो.

चित्रकार्ड दाखवून पेशंटकडून ‘मीठ’ म्हणवून घेता येतं. तोच पेशंट गल्लीतल्या दुकानात गेला की गप्प होतो. तिथे मीठ ओळखायचं नसतं, मागायचं असतं. दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत असतो, मागे दोघं उभे असतात, आणि उत्तराला चार सेकंद लागले की ‘बोला की पटकन’ ऐकावं लागतं. हा दाब टेबलावर तयार होत नाही. खऱ्या दुकानात तो असतो, पण आपल्या हातात नसतो: आज दुकान रिकामं, उद्या बाजारचा दिवस. व्हीआरमध्ये हाच दाब मोजून देता येतो, थांबवता येतो, आणि तोच प्रसंग जसाच्या तसा दहा वेळा देता येतो. हेडसेटची सगळी कमाई इथे आहे. शब्द सापडत नाही ही मूळ अडचण तो सोडवत नाही. ती शब्दार्थाच्या वैशिष्ट्यांवर (वस्तू कशी असते, कशाला लागते) काम करून, क्रियापदाभोवती कर्ता-कर्म बांधून, संकेतांच्या पायऱ्या (आधी अर्थ, मग पहिला ध्वनी) उतरवतच सुटते, आणि ते काम माणसानंच करायचं आहे.

संशोधन काय सांगतं तेही नीट वाचायला हवं. लंडनच्या सिटी विद्यापीठानं अफेझिया असलेल्यांसाठी ‘ईव्हा पार्क’ नावाचं एक आभासी बेट तयार केलं: घरं, कॅफे, केशकर्तनालय वगैरे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात २० जणांनी ५ आठवडे तिथे मदतनिसांशी रोज संभाषणाचा सराव केला. रोजच्या व्यवहारातला संवाद सुधारला. इतर मोजमापांत तशी सुधारणा दिसली नाही. आणि हे सगळं साध्या संगणकाच्या पडद्यावर झालं, डोक्याला हेडसेट न लावता. म्हणजे फायदा प्रसंगाचा आणि त्यात बोलणाऱ्या जिवंत माणसाचा होता. म्हणून आधी ४३ इंची टीव्ही आणि लॅपटॉपवर प्रसंग चालवून बघा. टीव्हीवर पेशंट, नातेवाईक आणि तुम्ही एकच चित्र बघता, तुमचे ओठ त्याला दिसतात, चक्कर येत नाही. टीव्हीवर जमलं आणि तरीही बाजारात जमेना, अशा पेशंटलाच हेडसेट लावायचा.

तपासणीबद्दल एक गोष्ट ठाम. अफेझियाची प्रमाणित चाचणी कागदावर आणि टेबलावरच करायची. वेस्टर्न अफेझिया बॅटरीसारख्या चाचणीचे गुण ज्या पद्धतीनं बसवले आहेत ती पद्धत बदलली की गुणांना अर्थ उरत नाही. तीच चित्रं हेडसेटमध्ये दाखवून मिळालेला आकडा अहवालात लिहू नका. व्हीआर वापरायचा तो चाचणीनंतर, दुसऱ्या दिवशी, प्रसंगात पेशंट काय करतो हे बघायला. मदत न घेता किती वेळा त्याची बोलायची पाळी पार पडली? गैरसमज झाला तेव्हा त्यानं काय केलं: पुन्हा म्हणाला, हातानं दाखवलं, दुसरा शब्द वापरला की मान खाली घातली? समोरच्यानं घाई केल्यावर बोलणं किती कोसळलं? टेबलावर नामनिर्देशनात (चित्र बघून नाव सांगण्यात) चांगले गुण आणि प्रसंगात गैरसमज झाला की गप्प, असं दिसलं तर उपचाराचा रोख शब्दांवरून गैरसमज दुरुस्त करण्याकडे वळवायचा. एवढ्या निर्णयासाठी तरी ही तपासणी कामाला येते.

गोंगाटात समजतं का, हे तपासायला तर याहून सोपं साधन नाही. दुकानदाराचा आवाज एका ट्रॅकवर आणि बाजाराचा कल्ला दुसऱ्या ट्रॅकवर ठेवा, ऑडॅसिटीसारखं मोफत सॉफ्टवेअर पुरतं. आधी कल्ला बंद, मग आवाजापेक्षा १० डेसिबल खाली, मग ५ डेसिबल खाली. प्रत्येक पायरीवर समान लांबीचे आठ-दहा प्रश्न. हेडसेटच्या पट्टीतले स्पीकर कानापासून पुढेमागे होतात, म्हणून वायरचे इयरफोन घ्या. मात्र त्याआधी ऑडिओग्राम (ऐकण्याची तपासणी) हवाच. साठीच्या पुढच्या शेतकऱ्याला ऐकूच कमी येत असेल तर तुम्ही अफेझिया मोजत नाही, कान मोजता आहात.

उत्तराला लागलेला वेळ मोजताना जपा. ब्लूटूथ इयरफोनमुळे आवाज १०० ते २०० मिलिसेकंद उशिरा पोहोचतो, आणि हेडसेटमधलं दृश्य तुमच्या लॅपटॉपवर येतं तेही मागून. नजर दोन-तीन सेकंद रोखून उत्तर निवडायची सोय वापरली तर ती दोन-तीन सेकंदं पेशंटच्या खात्यात जमा होतात. वेळ हवा असेल तर पेशंटच्या तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटरवर वेगळा रेकॉर्डर ठेवा आणि प्रश्न संपल्यापासून पहिल्या अर्थपूर्ण शब्दापर्यंत नंतर मोजा. टेबलावरच्या वेळेशी त्याची तुलना नको. व्हीआरची तुलना व्हीआरशी.

कोणाला लावायचा नाही, ते हेडसेट खोक्यातून काढायच्या आधी ठरवा. लकव्यानंतर फिट आलेली असेल तर नाही. हो-नाही भरवशाचं नसेल तर नाही: ‘तुम्ही बसलेले आहात का?’, ‘हा तुमचा मुलगा आहे का?’ असे दहा प्रश्न विचारा, निम्मे हो आणि निम्मे नाही; नऊ बरोबर आले नाहीत तर त्याला ‘थांबवू का?’ हेही कळलं असं धरता येत नाही. ग्लोबल अफेझियाचे (बोलणं आणि समजणं दोन्ही गेलेले) आणि आपल्या चुकांचं भान नसलेले बरेचसे वर्निके पेशंट (ओघानं बोलणारे, पण समजणं बिघडलेले) इथेच गळतील, आणि ते योग्यच आहे. पेसमेकर किंवा कॉक्लियर इम्प्लांट असेल तर आधी त्याच्या डॉक्टरांना विचारा. हेडसेटमध्ये चुंबक आणि रेडिओ लहरी दोन्ही असतात. कानामागचं श्रवणयंत्र असेल तर पट्टी त्यावर दाबली की शिट्टी वाजते. पट्टी वर सरकवा, नाहीतर अशा पेशंटचं काम टीव्हीवर करा. स्मृतिभ्रंशात गोंधळ वाढू शकतो, मी वापरत नाही.

नजरेकडे फार दुर्लक्ष होतं. डाव्या मेंदूच्या मागच्या भागापर्यंत इजा पोहोचली असेल तर अफेझियाबरोबर दोन्ही डोळ्यांच्या नजरेचा उजवा अर्धा भाग जाऊ शकतो. तुम्ही दुकानदार उजवीकडे बसवला आणि पेशंट बोललाच नाही, तर त्यात भाषेचा दोष काही नाही. समोर बोटं हलवून चारही बाजू तपासा आणि बोलणारा माणूस आधी दृश्याच्या मध्यावर किंवा किंचित डावीकडे ठेवा. मोतीबिंदूचं ऑपरेशन आणि चष्मा विचारून घ्या. बऱ्याच हेडसेटना चष्म्यासाठी जागा वाढवायची सोय असते, ती आधीच लावून ठेवा म्हणजे भिंगाला ओरखडे पडत नाहीत.

उजवा हात लुळा, आणि डाव्या हातात दिलेला कंट्रोलरही क्रियाविस्मृतीमुळे (हातात ताकद असून कृती जुळत नाही म्हणून) चालवता येत नाही, हे अफेझियात नेहमीचं आहे. म्हणून पेशंटच्या हातात काहीच देऊ नका. त्यानं फक्त बोलायचं किंवा खुणावायचं. पुढचं दृश्य कोणतं, हे तुम्ही लॅपटॉपवरून ठरवायचं. मराठी बोलणं यंत्रानं ओळखावं ही अपेक्षा तर सोडूनच द्या. अडखळत, तुटक, शब्दांची अदलाबदल झालेलं आणि वर परभणी-हिंगोलीच्या वळणाचं बोलणं यंत्राला कळत नाही. बरोबर उत्तराला दुकानदार ‘कळलं नाही’ म्हणाला की पेशंट पुन्हा तोंड उघडत नाही.

आता बसवणं. हातांची, चाकं नसलेली खुर्ची. गोल फिरणारी नको, अर्धांगवायूच्या पेशंटचा तोल जातो. मागे एक माणूस उभा. हेडसेट अर्ध्या किलोच्या आसपास असतो, आणि त्याचं वजन गालावर आलं की जबडा नीट हलत नाही, उच्चार बिघडतो. वरची पट्टी आधी ताणा, मागची नंतर. भिंगांमधलं अंतर पेशंटच्या डोळ्यांप्रमाणे जुळवा. अक्षरं धूसर दिसतात म्हणून तक्रार आली तर पहिला संशय याच गोष्टीचा. एका वेळी ५ ते ६ मिनिटं, मध्ये काढून विश्रांती, मग पुन्हा ५ ते ६ मिनिटं. बास. दृश्यात पेशंटला चालवू नका: डोळ्यांना हालचाल दिसते आणि कानातल्या तोल सांभाळणाऱ्या नळ्यांना काहीच जाणवत नाही, त्या विसंगतीतून मळमळ सुरू होते. बसल्या जागेचे प्रसंग निवडले की हा प्रश्न जवळजवळ संपतो. त्रास विचारायची १६ लक्षणांची प्रश्नावली वापरात आहे, पण अफेझियाच्या पेशंटला ती झेपत नाही. डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं, डोळे ताणणं अशी चार चित्रं ठेवा आणि शून्य ते तीन बोटांनी दाखवायला सांगा, आधीही आणि नंतरही. कशालाही दोन बोटं आली की त्या दिवशीचा हेडसेट संपला. हात वर केला की लगेच काढायचा, ही खूण लावायच्या आधी तीनदा करून घ्या. काढल्यावर १५-२० मिनिटं बसवूनच घरी पाठवा.

खोलीचेही हट्ट असतात. हेडसेट आपल्या कॅमेऱ्यांनी खोली बघून आपली जागा ठरवतो. लाईट गेली आणि खोली अंधारली की दृश्य अडकतं किंवा सरकतं. इन्व्हर्टरवरचा एक दिवा त्याच खोलीत हवा. नुसती कोरी पांढरी भिंतही त्याला नकोशी, दोन-तीन तक्ते किंवा कॅलेंडर टांगा. खिडकीतलं ऊन भिंगावर पडू देऊ नका, काही मिनिटांत आतला पडदा जळून कायमचा डाग पडतो. एप्रिल-मेच्या दुपारी यंत्र तापून बंद पडतं आणि घामानं भिंगं धुरकटतात. त्या दोन महिन्यांत ही सत्रं सकाळी घ्या. भिंग कोरड्या मायक्रोफायबरनंच पुसायचं, स्पिरिट लावलं की वरचा थर जातो. चेहऱ्याला लागणारा फोम धुता येत नाही, त्यावर सिलिकॉनचं कव्हर चढवा आणि प्रत्येक पेशंटनंतर पुसा. ओपीडीच्या दिवशी सकाळी ‘अपडेट होत आहे’ असा संदेश बघत बसायचं नसेल तर आदल्या संध्याकाळी सुरू करून बघा, आणि सगळे प्रसंग यंत्रात उतरवून ठेवा. गावच्या नेटवर अवलंबून राहू नका.

साहित्याचा प्रश्न मात्र खरा मोठा आहे, आणि तो सुटण्यासारखा आहे. संगणकावर त्रिमिती दुकान उभं करायच्या मागे लागू नका. पैसा जातो, आणि पात्रांचे ओठ मराठीला जुळत नाहीत. यंत्राच्या आवाजाला ‘चमचा’ आणि ‘चहा’ यांतला च वेगळा ठेवणं जमेलच असं नाही. एखादा ओळखीचा मुलगा युनिटीत (अशी दृश्यं बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) काही करून देणार असेल तर त्याला एवढंच सांगा: दुकानाची पाटी, भावफलक, बसचा फलक हे सगळं चित्र म्हणून टाक, मजकूर म्हणून टाकू नकोस. तिथल्या नेहमीच्या मजकूर-साधनात देवनागरीची जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते. वाचनदोष तपासायला निघालेल्या पेशंटसमोर असा फलक ठेवला तर चूक कोणाची मोजणार?

माझं मत ३६० अंशांच्या कॅमेऱ्यानं खरे प्रसंग चित्रित करण्याकडे आहे. कॅमेरा बारीक दांड्यावर, जमिनीपासून ११५ ते १२० सेंटिमीटरवर, म्हणजे बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. उभ्या माणसाच्या उंचीवर ठेवला तर खुर्चीत बसलेल्या पेशंटला हवेत तरंगल्यासारखं वाटतं. म्हणून जिथे माणूस बसूनच बोलतो असे प्रसंग घ्या: मोंढ्यातली (शेतमालाच्या बाजारातली) आडत, जिथे आडत्या गादीवर आणि शेतकरी समोर बसतो, एसटीतलं सीट आणि कंडक्टर, सरकारी दवाखान्यात केसपेपरनंतर डॉक्टरांसमोरचं स्टूल, घरात ओसरीवर आलेला पाहुणा. बोलणारा माणूस कॅमेऱ्यापासून दीड ते दोन मीटरवर. दोन भिंगांची चित्रं जिथे जुळतात ती रेघ त्याच्या चेहऱ्यावर येऊ देऊ नका, बाजूच्या भिंतीवर जाऊ द्या.

वाचायचा मजकूर दृश्यात ठेवायचा तर हिशेब करा. ४के चित्रात ३६० अंशांत ३८४० ठिपके, म्हणजे एका अंशाला साधारण ११. चार मीटरवरच्या एसटीच्या फलकावरचं १० सेंटिमीटर उंच अक्षर सुमारे दीड अंशाचं, म्हणजे जेमतेम १५ ठिपके. शिरोरेखा, मात्रा, रफार सगळं एकमेकांत मिसळतं. ५.७के कॅमेऱ्यात ते २३ पर्यंत जातं, तरी अपुरंच. फलक दोन मीटरवर आणा किंवा त्याचा वेगळा फोटो काढून दृश्यात वरून चिकटवा.

एका प्रसंगाचे तुकडे असे पाडा: दुकानदार वाट बघतो आहे (१५ सेकंद, फिरत राहणारा), ‘काय पाह्यजे?’, बरोबर वस्तू देतो, चुकीची वस्तू देतो, ‘काय म्हणले? परत सांगा’, दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो, घाई करतो, पैसे सांगतो, चुकीचे पैसे सांगतो. प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला आणि शेवटी त्याचे हात एकाच जागी, समजा तराजूवर. नाहीतर तुकडा बदलला की माणूस उडी मारल्यासारखा दिसतो. कॅमेरा हलवायचा नाही, आणि सगळं एका तासात संपवायचं, सावल्या सरकतात. बाजार उघडायच्या आधी, ठरवून बोलावलेल्या माणसांवर करा. येणाऱ्या-जाणाऱ्या लोकांचे चेहरे त्यांच्या संमतीशिवाय घेऊ नका.

भाषा पेशंटच्या कानाला ओळखीची हवी. नट नको, गावातलाच दुकानदार घ्या. ‘आपल्याला काय हवे आहे?’ असं मराठवाड्यात कोणी विचारत नाही. आणि घरची भाषा कोणती, हे आधी विचारा. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, उदगीर-निलंगा-उमरग्याकडे कानडी, तांड्यावर गोरमाटी, आणि संभाजीनगर-बीड-नांदेडच्या कितीतरी घरांत दखनी. बाजार मराठीत आणि ओसरी दखनीत, असं पेशंटचं आयुष्य असेल तर दोन प्रसंगांचे आवाज दोन भाषांत करा. त्यानं एका वाक्यात दोन्ही मिसळल्या तर ती चूक धरू नका. लकव्याआधीही तो तसाच बोलत होता का, हे घरच्यांना विचारा.

वस्तू निवडताना मराठीच्या व्याकरणाचा फायदा घ्या. गूळ, साखर, मीठ या तिन्ही एकाच प्रसंगात ठेवा. हेडसेट काढल्यावर ‘काय झालं दुकानात?’ असं विचारलं की पेशंटला ‘त्यानं गूळ दिला’, ‘साखर दिली’, ‘मीठ दिलं’ हे तिन्ही जुळवावं लागतं. व्याकरणलोपाच्या (वाक्यातलं व्याकरण गळून तुटक बोलणाऱ्या) पेशंटमध्ये प्रत्यय गळतो की क्रियापदाचं लिंग चुकतं, हे इथे लगेच उघडं पडतं. ‘त्याने’ऐवजी ‘त्यानं’ किंवा ‘लई’, ‘उलीसं’ यांना गुण कापायचे नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

एसटीचा प्रसंग बांधताना पेशंटप्रमाणे संवाद बदला. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, आणि पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास. म्हणजे साठीच्या बाईंना ‘अंबाजोगाई, एक, हाफ’ एवढे तीन शब्द हवेत. अठ्ठ्याहत्तरच्या आजोबांना तिकिटाऐवजी कार्ड दाखवून गाव सांगायचं आहे. असं ज्याच्या त्याच्या गरजेचं छोटं संवादपत्र करा, चार ते सहा ओळींचं, त्याहून मोठं नको.

सत्र ४५ मिनिटांचं धरा. पहिली १० मिनिटं टेबलावर, खऱ्या वस्तू घेऊन, आजच्या पाच-सहा शब्दांवर. तुमचे ओठ दिसायला हवेत असे सगळे संकेत इथेच संपवा. हेडसेट चढला की पहिला ध्वनी तोंडानं दाखवायची सोय जाते. डाव्या हातानं ताल धरून सुरात बोलवायची पद्धत वापरत असाल तर तीही इथेच. मग ५ मिनिटं बसवणं. मग दोन फेऱ्या. पहिल्या फेरीत दुकानदार सरळ वागतो आणि १० सेकंद वाट बघतो. उत्तर आलं नाही तर तुम्ही कानात अर्थाचा संकेत देता (‘भाजीत टाकतो, खारट’), मग पहिला ध्वनी, मग पूर्ण शब्द. दुसऱ्या फेरीत एक अडचण, एकच: चुकीची वस्तू किंवा घाई किंवा कल्ला. तिन्ही एकदम टाकायचा मोह होतो, कारण दृश्य तयार असतं. त्यानं काय बिघडलं ते कळतच नाही. शेवटची १५ मिनिटं पुन्हा टेबलावर, रेकॉर्डिंग ऐकत, जिथे अडलं तेवढ्याच जागेवर काम. नातेवाइकांना खोलीत बसू द्या पण पेशंटच्या मागे, आणि बोलायला बंदी. नाहीतर ‘मीठ म्हणायलेत ते’ असं मुलगा तुमच्याआधी सांगून टाकतो.

मोजमापाशिवाय हे सगळं करमणूक होईल. सुरू करण्यापूर्वी वेगवेगळ्या तीन दिवशी ३० शिकवायचे आणि १५ न शिकवायचे शब्द तपासा. तिसऱ्या दिवशी पहिल्यापेक्षा चारपाच शब्द आपोआप वाढले असतील तर नैसर्गिक सुधारणा अजून चालू आहे, पहिल्या तीन महिन्यांत ती जोरात असते; थांबा, नाहीतर श्रेय चुकीच्या खात्यात जाईल. दर दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीला संकेत न देता शब्द तपासा. पहिल्या दोन सत्रांतली उसळी मोजू नका, ती नवलाईची असते. संभाषणासाठी मिनिटाला किती शब्द अर्थाचे आणि विषयाला धरून आले हे मोजा. आणि दर पंधरा दिवसांनी खऱ्या दुकानात: घरच्या माणसानं पाच पावलं मागे राहायचं, दुकानदाराला सांगून ठेवायचं, आणि कागदावर तीनच गोष्टी लिहायच्या. किती वस्तू मागितल्या, किती मदतीशिवाय मिळाल्या, गैरसमज झाला तर सुधारला का.

डोक्याला मार लागलेल्यांचं थोडं वेगळं आहे. त्यांचं नामनिर्देशन, वाक्यरचना टेबलावर ठीक निघते आणि घरचे सांगतात की माणूस बदलला. मुद्दा सुटतो, समोरच्याची पाळी खातात, गोंगाटात काय चाललंय ते पकडता येत नाही. शांत खोलीतली चाचणी हे सगळं लपवते. त्यांच्यासाठी आडतीचा प्रसंग घ्या. सोयाबीनचा भाव, ओलाव्याची कपात, हमाली, तोलाई हे आडत्या सांगत असताना बाजूला दुसरे दोघं बोलतात आणि फोन वाजतो. मग विचारा: क्विंटलला किती ठरले, काय कापलं, हातात किती आले? नंतर हीच गोष्ट बायकोला सांगायची आहे म्हणून पुन्हा सांगायला लावा. क्रम, गाळलेले तपशील, विषयांतर तिन्ही दिसतात. विचलनं एकेक करून वाढवा आणि ‘थांबा, परत सांगा’ म्हणायला शिकवा. या पेशंटसाठी एवढं एक वाक्य फार मोलाचं असतं. चक्कर आणि डोकेदुखी यांना लवकर होते, तेव्हा फेरी तीन मिनिटांची.

मुलांबद्दल लिहिण्यासारखं थोडंच आहे. पाच वर्षांच्या मुलाच्या बाहुल्यांमधलं अंतर ५० मिलिमीटरच्या आसपास असतं आणि पुष्कळ हेडसेटची भिंगं ५८ च्या खाली येत नाहीत. चित्र धूसर, डोळ्यांवर ताण. हेडसेट बनवणाऱ्या मेटा कंपनीनंही आपल्या हेडसेटसाठी १० वर्षांखाली परवानगी ठेवलेली नाही. बोलायला उशीर झालेल्या तीन वर्षांच्या मुलाला पडदा नकोच आहे, त्याला आईचा चेहरा आणि हातातली वस्तू हवी. जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ ची मर्यादा दोन ते चार वर्षांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास आहे, आणि बहुतेक घरांत ती मोबाइलनं आधीच संपवलेली असते. या मुलांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राशी जोडा. बारा-तेराच्या पुढच्या स्वमग्न मुलांना शाळेच्या मधल्या सुट्टीचा किंवा दुकानाचा प्रसंग टीव्हीवर आधी दाखवून, सहन होतं असं दिसलं तर हेडसेटमध्ये देता येईल. अडखळत बोलणाऱ्या तरुणांसाठी आभासी श्रोते आणि आभासी मुलाखत यांवर अमेरिकेत बरंच काम झालं आहे, आणि आभासी श्रोत्यांसमोरचं अडखळणं खऱ्या श्रोत्यांसमोरच्या अडखळण्याशी चांगलं जुळतं असं त्यात दिसलं. तो वाणीदोष आहे, भाषादोष नव्हे. पण यंत्र तुमच्याकडे असेलच तर नोकरीच्या मुलाखतीचा एक प्रसंग करून ठेवा, येणारे येतील.

रेकॉर्डिंगसाठी संमती लेखी घ्या. अफेझियाच्या पेशंटला चित्रांनी समजावून त्याचा स्वतःचा होकार घ्या, मुलाची सही पुरेशी धरू नका. हेडसेटचं खातं केंद्राच्या नावानं उघडा, त्यात पेशंटचं नाव कुठेही येऊ देऊ नका, फाईल क्रमांक पुरे. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर हे नियम म्हणूनच पाळा.

एक अडचण आपल्या भागाचीच आहे. बीड आणि आसपासच्या तालुक्यांतली कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. अशा घरातल्या पेशंटचं काम जूनमध्ये सुरू करा, आठवड्याला दोन अशी आठ सत्रं जुलैअखेर उरकतात, आणि जायच्या आधी हातात वेळ राहतो. संवादपत्राच्या ओळी दुकानदाराच्याच आवाजात त्यांच्या मोबाइलवर टाकून द्या. कारखान्यावरच्या कोपीत (ऊसतोड मजुरांच्या झोपडीत) हेडसेट नसतो, पण किराण्याचं दुकान असतं, आणि आठवड्याला एक फोन तुम्ही करू शकता. आठ सत्रांनंतर शिकवलेले शब्द वाढले आणि खऱ्या दुकानातला कागद हलला नाही, तर हेडसेट बाजूला ठेवा, पेशंटला त्याच्या नेहमीच्या दुकानात घेऊन जा आणि उरलेली सत्रं तिथे घ्या.